लालबागच्या खाणावळींवरचं पुस्तक आणि अनुदानाचा अर्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणार भांडुप, खासगी कंपनीत नोकरी. लालबाग-परळ भागात गिरणी कामगारांसाठी घरगुती खाणावळी चालवणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहायचंय. काही मुलाखती झाल्यात, दोन प्रकरणांचा कच्चा खर्डा तयार आहे, अजून दोन वर्षं तरी लागतील. लेखकाला अनुदान कुठून मिळतं, अर्जात काय लिहायचं, आणि ओळख नसेल तर अर्ज करण्यात काही अर्थ आहे का?

मी अभ्यासवृत्तीच्या पैशावर पुस्तक लिहिलंय, आणि पुढे निवड समितीत बसून दुसऱ्यांचे अर्जही वाचलेत. त्या जोरावर सांगतो: तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न सुटायला हवा. पैसे कोणत्या टप्प्यासाठी हवेत? लिहायला वेळ मिळावा म्हणून, लिहून झालेलं छापण्यासाठी, की छापलेल्या पुस्तकाला दाद मिळावी म्हणून? तिन्हींची दारं वेगळी आहेत. समितीपुढे येणाऱ्या अर्जांतले बरेचसे वाईट नसतात, ते नुसते चुकीच्या दारात उभे असतात.

छापण्यापासून सुरुवात करू, कारण सरकारी पैसा मराठीत मुख्यतः तिथेच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं. त्यांच्या नवलेखक अनुदान योजनेत पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी मदत मिळते. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित आणि वैचारिक लेखन, चरित्र, प्रवासवर्णन असे प्रकार त्यात असतात. गेल्या काही वर्षांत हस्तलिखितं जानेवारीत मागवली जातात. पण दोन अटी नीट वाचा: आधी एकही पुस्तक प्रसिद्ध झालेलं नसावं, आणि हस्तलिखित पूर्ण असावं. तुमचं अर्धंही झालेलं नाही. म्हणजे ही योजना तुमच्यासाठी आहे, पण आज नाही. तोवर हौसेने शंभर प्रतींची एखादी पुस्तिका स्वतःच्या नावाने काढलीत तर 'पहिलं पुस्तक' ही पात्रता त्यातच खर्ची पडू शकते. मित्र आग्रह करतील, तरी थांबा.

दाद देणाऱ्या पैशाबद्दल फार बोलत नाही. राज्य वाङ्मय पुरस्कार किंवा साहित्य अकादमीचा पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठीचा युवा पुरस्कार, हे सगळं छापलेल्या पुस्तकाला मिळतं. त्याच्या भरवशावर लिहिण्याचं अंदाजपत्रक मांडता येत नाही.

राहिला लिहिण्यासाठीचा वेळ. हा पैसा कमी आहे, आणि जो आहे तो बहुतेक करून संशोधनाला बांधलेला आहे. निव्वळ कादंबरी लिहायला मराठीत कोणी महिन्याला पैसे देईल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. तुमचं पुस्तक कथात्म नाही, त्यात मुलाखती आणि कागदपत्रं आहेत, हे या बाबतीत तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ अभ्यासवृत्ती आहेत. २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ, महिना १०,००० रुपये. चाळिशीपुढे वरिष्ठ, महिना २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांसाठी. वयाने तुम्ही कनिष्ठमध्ये बसता. मात्र जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येईलच असं धरून चालू नका, आणि त्या वर्षीच्या विषयांच्या यादीत तुमचा विषय कुठल्या सदरात बसतो ते तपासून मगच लिहायला बसा. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत २०२१ पासून चाललेली पीएम-युवा योजना महिना ५०,००० रुपये सहा महिने देते, पण ती तिशीच्या आतल्यांसाठी. तुमचा प्रश्नच मिटला. एखादी तरुण मुलगी हे वाचत असेल तर तिने मात्र ती जरूर पाहावी.

खासगी संस्थांमध्ये बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. १९९३ साली स्थापन झालं, देशभरातल्या कलासंशोधनाला आणि कलाकामाला ते मदत करतं. प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत पाठवता येतो, म्हणजे मराठीतही. न्यू इंडिया फाउंडेशन स्वतंत्र भारताच्या इतिहासावरच्या पुस्तकांसाठी अभ्यासवृत्ती देतं. तिथून आलेली पुस्तकं मुख्यतः इंग्रजी आहेत, तेव्हा पुस्तक मराठीतच करायचा निश्चय असेल तर आधी पत्र लिहून विचारा. एशियाटिक सोसायटीच्या संशोधनवृत्त्याही आहेत. रक्कम मोठी नसते, पण टाउन हॉलचं ग्रंथालय हाताशी येतं. तुमच्या विषयाला ते उपयोगी पडेल.

आता खरी अडचण. कलेसाठी पैसे देणाऱ्या संस्थेला खाणावळींचं पुस्तक का द्यावंसं वाटेल? स्वयंपाक, उधारी, स्टो, डबे हे सामाजिक इतिहासात बसतं, कलेच्या रकान्यात सहज बसत नाही. इथे दोन मोह होतात. पहिला, प्रस्तावात जागोजाग 'पाककला' घालून विषयाला कलेचा मुलामा देण्याचा. समितीतल्या माणसाला तो पहिल्याच पानावर दिसतो. दुसरा, संस्थेला आवडेल म्हणून विषयच बदलण्याचा. मग अनुदान मिळालं तरी दोन वर्षं नको असलेलं पुस्तक लिहीत बसावं लागतं. माझा मार्ग असा की स्वतःच्या सामग्रीत शोधायचं: एखादा तुकडा खरोखरच त्या रकान्यातला आहे का? गिरणगावात भजनी मंडळं होती, शाहीर होते, कामगारांची नाटकं होती. खाणावळीत जेवणारेच रात्री तालमीला जात. तुमच्या मुलाखतींत कुणी आजी नाटकवाल्यांसाठी उशिरापर्यंत जेवण झाकून ठेवल्याचं सांगत असेल, तर तो धागा तुमचाच आहे. त्यावर एक स्वतंत्र, छोटा प्रकल्प मांडता येईल. तसं काही सापडत नसेल तर ती संस्था सोडून द्या आणि इतिहासाच्या बाजूने जा.

अर्जाबद्दल माझं ठाम मत आहे की समिती लेखक निवडत नाही, ती एक काम निवडते. म्हणजे ठरलेल्या हद्दीचं, ठरलेल्या मुदतीत होणारं काम. आपल्याकडचे प्रस्ताव इथे घसरतात. पहिला परिच्छेद बहुधा असा असतो: 'गिरणगाव हा मुंबईचा आत्मा आहे. या मातीने कष्टकऱ्यांना जगवलं. या विस्मृतीत गेलेल्या माउलींचा आवाज समाजापर्यंत पोहोचवण्याचा माझा नम्र प्रयत्न आहे.' यातलं खोटं काहीच नाही. पण हे वाचून तुम्ही उद्या सकाळी काय करणार आहात ते मला कळत नाही. गिरणगावावर अर्ज करणारा दुसरा कुणीही हेच लिहील.

त्याच जागी असं लिहून पाहा: 'लालबाग, परळ आणि काळाचौकी भागातल्या घरगुती खाणावळी १९७० ते १९९० या वीस वर्षांत कशा चालल्या, याचा हा अभ्यास आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांनी ती उधारी कशी पेलली, कुणाकडून कर्ज काढलं, काय गहाण ठेवलं आणि शेवटी वसूल किती झालं, हे मी मुलाखतींतून आणि घरोघरी उरलेल्या हिशेबाच्या वह्यांतून शोधणार आहे. त्या वेळी तिशीत असलेल्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत.' यात भाग आहे, काळ आहे, एक प्रश्न आहे, तो कुठे शोधायचा ते आहे. आणि हे काम आत्ताच का व्हायला हवं ते शेवटच्या वाक्यात आपोआप येतं. 'काळाची गरज' वगैरे लिहावं लागत नाही. वह्या खरंच कुणाकडे आहेत का, हे मात्र अर्जाआधी पाहून या. नसतील तर ते शब्द काढून टाका.

यानंतर समितीतला एखादा जाणकार विचारणारच: यावर आधी काय झालंय? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या लोकांच्या मुलाखतींतून उभं केलेलं मौखिक इतिहासाचं मोठं काम २००४ साली पुस्तकरूपात आलं. खाणावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्यावरही लिहिलं गेलंय. तुम्ही यांचा उल्लेखच केला नाहीत तर वाचणाऱ्याला वाटतं, याला ठाऊक नाही. नुसता आदरपूर्वक उल्लेख करून पुढे गेलात तरी भागत नाही. 'मंडळाच्या सभासद झालेल्या बायकांबद्दल लिहिलं गेलंय, मी मंडळाबाहेर राहिलेल्यांकडेही जाणार आहे,' असं एखादं वाक्य हवं. तुमचा फरक कशात आहे ते मला इथून सांगता येणार नाही, तो तुमच्या मुलाखतींत असेल. सापडला नाही तर अर्ज महिनाभर पुढे ढकला आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जाऊन बसा.

लेखनाचा नमुना जोडायला सांगतात, तेव्हा लोक आपला सर्वांत सुंदर ललित लेख जोडतात. तुम्ही त्या दोन खर्ड्यांतली, एक बाई प्रत्यक्ष बोलतेय अशी पानं जोडा, जरा खडबडीत असली तरी. मुलाखतीतून पान कसं उभं राहतं हे पाहायचं असतं. दिवाळी अंकातल्या पावसावरच्या लेखावरून ते कळत नाही.

अंदाजपत्रकावर जरा थांबतो, कारण मराठी लेखक इथे सगळ्यात जास्त संकोचतो. प्रवास, झेरॉक्स, किरकोळ अशा तीन ओळी आणि खाली एक गोल आकडा. लेखकाचं मानधन: शून्य. हा विनय नव्हे. समितीला त्यातून एवढंच कळतं की माणसाने कामाचा विचार केलेला नाही.

कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत विसरला जाणारा खर्च म्हणजे ध्वनिमुद्रण उतरवून काढणं. माझ्या अनुभवात एका तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास जातात. मालवणी किंवा घाटावरची बोली असेल, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि टीव्ही असेल तर जास्तच. तुम्ही चाळीस तासांच्या मुलाखती घेणार असाल तर हे दोनशे-अडीचशे तासांचं काम झालं. स्वतः केलंत तर सहा महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात जातील. दुसऱ्याकडून करून घेतलंत तर त्याचा ताशी दर विचारून गुणाकार करा आणि तो गुणाकार अर्जात दाखवा. आकड्यापेक्षा आकडा आला कसा, हे वाचणारा बघतो.

प्रवासही नुसता 'प्रवास' लिहू नका. लालबागच्या चाळीत राहणारी सगळी कुटुंबं आता लालबागला कुठे आहेत? कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, कुणी गिरणी गेल्यावर थेट सिंधुदुर्ग किंवा साताऱ्याला. म्हणजे लोकलचा पास वेगळा, गावाकडच्या फेऱ्या वेगळ्या, तिथला मुक्काम वेगळा. जुन्या फोटोंचं स्कॅनिंग, ध्वनिमुद्रणाच्या प्रती ठेवायला दोन हार्ड डिस्क, हेही धरा. आणि मानधन: दोन वर्षं आठवड्याचे दोन दिवस या कामाला देणार असाल, तर त्या दिवसांचं मोल लिहा. बिनपगारी रजा घ्यावी लागणार असेल तर तेही स्पष्ट लिहा. संस्थेच्या नियमात मानधनाला मर्यादा असेल तर संस्था तेवढी रक्कम कापेल, पण मागितलंच नाही तर आपणहून कोणी देत नाही.

मुलाखत देणाऱ्या बायकांना पैसे द्यावेत का, यावर मतभेद आहेत. मी मुलाखतीचे पैसे देत नाही, कारण मग माणूस आपल्याला हवं ते सांगायला लागतो. पण कुणाचा रोजचा धंदा बुडत असेल, रिक्षा करून यावं लागत असेल, तर तो खर्च देतो आणि अंदाजपत्रकात 'मुलाखतदात्यांचा खर्च' म्हणून वेगळा दाखवतो. पुस्तक निघाल्यावर प्रत्येकीला एक प्रत, तीही त्यातच धरा.

ओळखीबद्दल. लागते असं मी म्हणणार नाही, कधीच चालत नाही असंही म्हणणार नाही. कुठल्याही समितीत माणसं असतात, आणि मराठी साहित्याचं जग गिरगाव ते पुणे एवढंच आहे. पण ओळखीने फार तर अर्ज नीट वाचला जातो. विसविशीत अर्ज ओळखीने वर आलेला मी पाहिला, तेव्हा बाकीच्या सदस्यांनी तो दहा मिनिटांत खाली आणला. ओळखीऐवजी शिफारसपत्राकडे लक्ष द्या. नामांकित लेखकाचं चार ओळींचं 'होतकरू तरुण आहे' हे पत्र काही कामाचं नसतं. ज्याने तुमची ती दोन प्रकरणं वाचलीत, किंवा ज्याच्या मासिकासाठी तुम्ही वेळेवर मजकूर दिलाय, अशा माणसाचं पत्र घ्या. भले त्याचं नाव समितीने ऐकलेलं नसो. पत्र मागताना प्रस्ताव सोबत द्या, आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करू नका.

अर्जाची भाषा कुठलीही असो, आधी मराठीत लिहा. इंग्रजी फॉर्म समोर ठेवून थेट इंग्रजीत लिहिलं की माणूस दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रकल्पाबद्दल बोलू लागतो.

मंजुरी आली, तर करारनाम्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा. हक्क कोणाकडे राहतात? अनुदान घेतलं म्हणजे पुस्तकाचे हक्क दिले असं होत नाही, पण करारात तसं लिहिलं असेल तर होतं. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. मूळ ध्वनिमुद्रणं कुणाच्या ताब्यात राहणार, तेही विचारा. बायकांनी तुमच्या भरवशावर काय काय सांगितलेलं असतं. दुसरं, हप्ते कसे येणार? शेवटचा हप्ता बहुतेक ठिकाणी अहवाल आणि हिशेब दिल्यावर मिळतो. एका संस्थेकडचा माझा शेवटचा हप्ता पुस्तक छापून बाजारात आलं तरी यायचा होता. म्हणून नोकरी सोडू नका, आणि पहिल्या दिवसापासून बिलं एका पाकिटात ठेवा. तिसरं, कर कापून पैसे येणार का? रक्कम तुमच्या उत्पन्नात कशी धरली जाईल हे सनदी लेखापालाला आधीच विचारा, मार्चमध्ये नको.

पैसे परदेशातून येणार असतील तर जास्त सावध. परदेशी योगदान विनियमन कायदा, २०१० नोंदणीकृत वृत्तपत्रांच्या वार्ताहरांना, स्तंभलेखकांना आणि संपादकांना परदेशी योगदान घ्यायला मनाई करतो. शिष्यवृत्ती, विद्यावेतन अशा प्रकारच्या पैशाला त्यात सवलत आहे, पण तुम्हाला मिळणारी रक्कम तिच्यात मोडते की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. पेपरात सदर लिहीत असाल, तर हो म्हणण्याआधी जाणकाराकडून लेखी मत घ्या.

आणि जिथे अनुदानासाठी, पुरस्कारासाठी किंवा 'निवडक लेखकांच्या' संग्रहासाठी तुमच्याकडूनच 'सहयोग राशी' मागतात, तिथे उत्तरही देऊ नका. अशी पत्रं पहिलं लेखन कुठे छापून आलं की येऊ लागतात.

नकार आला तर कारण विचारायला हरकत नाही. दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवा. काही संस्था कळवतात, काही उत्तर देत नाहीत. तोच अर्ज जसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका. प्रत्येक ठिकाणचा पहिला परिच्छेद आणि अंदाजपत्रक नव्याने लिहावं लागतं, मधली पानं बऱ्याचदा तशीच चालतात. दरम्यान मुलाखती थांबवू नका. अनुदानाचा निकाल लागायला महिनोन्‌महिने जातात, आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंकडे तुम्ही येत्या रविवारीच जायला हवं. फॉर्म त्यानंतर भरला तरी चालेल.